चार बोटं डावीकडं

आधी पाय.
मुल्लाणी सर चपलेच्या टोकानं
सिमेंटवर रेघ ओढायचे:
इथं उजवा, त्याच्या जरा मागं डावा,
मध्ये खांद्याएवढं अंतर.
"जोर जमिनीतनं येतोय पोरी, दंडातनं न्हाई.
गुडघा वाकवायला लाजतीस काय?"

दिवसभर ते उद्यमनगरात साचे भरायचे.
पहाटे साडेपाचला आम्ही सात मुली,
दाणे झिजून गुळगुळीत झालेला एक बॉल,
आणि मैदानाचा तो कोपरा
जो फुटबॉलवाल्यांनी
पेठेतल्या कुणाच्या तरी शब्दाखातर सोडलेला.

बॉल तळहातावर नाही, बोटांच्या पेरांवर.
सर उकिडवे बसून खालून बघायचे,
तळव्याखालून पलीकडचा उजेड दिसतो का.
"भाकरी न्हवं थापायची."
कोपर बॉलच्या खाली, नाकासमोर;
बाहेर गेलं की म्हणायचे, दार उघडं राहिलं बघ.
डावा हात पाहुणा.
पाहुण्यानं बाजूला बसायचं,
चुलीत लाकूड सारायचं नाही.

वैजयंता सुतारचा पाहुणा
शेवटपर्यंत लाकूड सारत राहिला
आणि तरी तिचेच बॉल जास्त पडायचे.
सर त्यावर काही बोलायचे नाहीत.
बिडी शोधायचे.

मग डोळे.
रिंगच्या मागच्या कडेवर, आणि तिथंच.
बॉल सुटला की तो आपला नाही,
त्याच्यामागं पळायचं नाही नजरेनं.
मग मनगट.
आडाच्या काठावरून आत डोकावल्यासारखी
पुढं वाकलेली बोटं,
आणि हात वरच,
बॉल खाली पडेस्तोवर.

रोज शंभर. सुट्टीच्या दिवशी दीडशे.
रंकाळ्याकडून वारा सुटला तर
वाऱ्याला शिव्या द्यायची मुभा होती,
रिंगला नव्हती.
रिंग सरांनी स्वतः वेल्ड केलेली.

इचलकरंजीच्या स्पर्धेत आम्हाला
एकोणीस फ्री थ्रो मिळाले.
पडले तीन.
बाकी सगळे एकाच जागी, डाव्या कडेवर.
टण्.
माझा, फातिमाचा, कुसुम कांबळेचा. टण्.
पाय बरोबर, कोपर बरोबर, उजेड दिसत होता.
कुणीतरी मागून मोजायला लागलं, मोठ्यानं.
वैजयंताचे तेवढे दोन गेले,
तिचं सगळंच वाकडं होतं म्हणून.

एसटीत सर पुढच्या सीटवर,
मान खिडकीकडं.
हातकणंगले मागं पडल्यावर वळले.
"तुमचं काय चुकलं न्हाई.
माझा ओळंबा चुकला."

दुसऱ्या दिवशी शिडी आली,
गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा आला.
दोरी थरथरली, थांबली,
आणि आम्ही सातजणींनी मान वर करून पाहिलं:
चार बोटं. डावीकडं.
अडीच वर्षं आम्ही
एका चुकीला अगदी अचूक लागत होतो.

सरांनी ती कापली, सरळ केली, पुन्हा जोडली.
मग महिनाभर
आमच्याच रिंगवर आमचे बॉल पडेनात.
फातिमा रडली. मी सोडून द्यायचं ठरवलं
आणि सकाळी सव्वापाचला
बुटाच्या नाड्या बांधत बसलेली सापडले.

आता त्याच कोपऱ्यात मी शिकवते.
काचेचा बोर्ड आहे, कारखान्यातली रिंग आहे,
पोरी मोबाइलवर आपला शॉट हळू करून बघतात
आणि मला कोपराचा कोन सांगतात.
तरी दर जूनमध्ये मी शिडी लावते,
ओळंबा सोडते.
मुली हसतात. हसू देत.

त्या गेल्यावर कधीतरी
मी लाईनीवर उभी राहते एकटी.
उजवा, जरा मागं डावा.
गुडघा कुरकुरतो, त्याला लाज कसली आता.
आणि मुद्दाम, जुन्या हातानं, सोडते
चार बोटं डावीकडं.

टण्.

बॉल गवतात जातो, फुटबॉलवाल्यांच्या बाजूला.
एक पोरगा पायानं परत ढकलतो,
माझ्याकडं बघतो,
वर राहिलेल्या हाताकडं बघतो.