दर तीन महिन्यांनी

दर तीन महिन्यांनी वाल्देनीस येते
कारुआरूच्या आमच्या कचेरीत,
प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला तुरुंगाचा दाखला घेऊन:
भाऊ अजून आतच आहे.
सोबत भाचा एद्नाल्दो, वय नऊ,
पायात बहिणीच्या सपाता.

नियम साधा.
बाप आत, तर पोरांना भत्ता.
सुटला, तर बंद.
पळाला, तरी बंद.

मागच्या खेपेला शिक्का पुसट होता.
मीच परत पाठवलं.
दोन बस, तीन तास,
वर तुरुंगाच्या दारातली रांग.
त्या महिन्यात घरात काय शिजलं
मी विचारलं नाही,
तिनेही सांगितलं नाही.

आज शिक्का ठसठशीत आहे.
मी एकेक रकाना भरत जाते:
पोराचा जन्मदाखला, आईचा मृत्यूदाखला,
बापाची कामगार-वही, वीटभट्टीत अकरा महिने,
पुढची पानं कोरी.

टेबलाला हनुवटी टेकवून एद्नाल्दो विचारतो,
"आम्ही हा कागद आणलाच नाही,
तर बाबाला सोडतील?"

टपली मारायला वाल्देनीसचा हात वर जातो
आणि त्याच्या केसांवरच राहतो.

नाही रे, मी म्हणते,
कागदाचा आणि कुलपाचा काही संबंध नाही.
इतक्या वर्षांत हे मला
कुणी विचारलं नव्हतं.

तो मान डोलावतो.
दाखला जवळ ओढतो,
बापाच्या नावावरून बोट फिरवतो
सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत,

शिक्क्याला धक्का न लावता.