बदली गोली

मिरजेत भोरे सरांना कोण ओळखत नव्हतं?
स्टेशनसमोरचा पानवालासुद्धा ओळखायचा,
फक्त कशाबद्दल, ते जो तो वेगळं सांगायचा.

मी एवढंच सांगतो:
एकतीस वर्षं, पहाटे साडेपाचला,
लुनाच्या मागं फक्कीचं पोतं बांधून
ते कॉलेजच्या मैदानावर यायचे
आणि रेघा स्वतः मारायचे.
कॉर्नरपाशी एक बाभूळ होती,
तिथं रेघ वळसा घालून जायची.
"सर, नियमात बसत नाही की वो."
"झाड आधीचं आहे," म्हणायचे.

चेंडू तीन. दोघांना मोच्याचे टाके.
शिट्टीतला दाणा केव्हाच गेलेला,
ती वाजायची नाही, फुसफुसायची,
आणि त्या फुसफुशीवर
बावीस पोरं जागच्या जागी थांबायची.

कोल्हापूरला दरवर्षी हरायचो.
चार, पाच, एकदा सात.
परतीच्या एसटीत सर भडंगाचं पुडकं सोडायचे
आणि जयसिंगपूर येईपर्यंत
कुणाशी एक शब्द बोलायचे नाहीत.
मग एवढंच: "चेंडू कुणाकडं आहेत रे?"

चौऱ्याण्णवला मात्र फायनल. घरच्या मैदानावर.
इर्शाद सतारमेकर गोलात,
मी बाहेर, बदली गोली, तीन वर्षं बदलीच.
मध्यंतरानंतर त्याचं बोट सुजलं, वांग्याएवढं.
मी स्वेटर काढला.
सरांनी माझ्याकडं पाहिलं,
मग घड्याळाकडं.
मी स्वेटर घातला.
एका गोलनं गेलो.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ,
आणि प्राचार्य म्हणाले, व्हॉलीबॉलचा आधारस्तंभ हरपला.
सरांनी दुरुस्त केलं नाही.
टाळ्या वाजवल्या, सगळ्यांबरोबर.

आता मी वीज मंडळात लाईनमन.
परवा वानलेसवाडीची तक्रार आली, मीटर बंद,
नाव वाचून मीच गेलो.
दार उघडलं, बराच वेळ पाहिलं,
आत जाऊन खुर्चीत बसले.
मी वायर सोलत होतो तेव्हा पाठीमागून म्हणाले,
"बोट सुजलंय ते दिसत होतं मला."

मी सोलत राहिलो.

"मध्यंतरात पाया पडला माझ्या.
काढू नका म्हणाला. दुकान बंद ठेवून
अब्बा पहिल्यांदाच बघायला आलेत म्हणाला."

माझेही आले होते.
मार्केट यार्डातल्या हमालीचा खाडा करून,
बाभळीखाली उभे होते, रेघेच्या बाहेर,
टोपी हातात धरून.
हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.
आत्ताही नाही.

फ्यूज बसवला. पंखा फिरला.
"किती झाले?"
"सरकारी काम आहे, सर."
ते उठले, हळूहळू फडताळापर्यंत गेले,
कागदाचं पुडकं घेऊन आले.

खात बसलो दोघं, न बोलता,
जयसिंगपूर अजून यायचं असल्यासारखे.