आठे ठोक

घर बघायला संध्याकाळी जाऊ नका, भामरेशेठ.
संध्याकाळी देवपुरातलं कुठलंही घर बरं दिसतं.
पांझरेकडून वारा येतो, मालक चहा टाकायला सांगतो,
अंगणात नुकताच सडा मारलेला असतो
आणि माणूस मातीच्या वासावरच
इसार देऊन मोकळा होतो.

मे महिन्यात जा. दुपारी दोनला.
चप्पल काढून गच्चीवर उभे राहा, राहवेल तेवढा वेळ.
मग वरच्या खोलीत येऊन बसा
आणि पंखा बंद करायला सांगा.
तेव्हा स्लॅबकडे नाही,
मालकाच्या चेहऱ्याकडे बघायचं.

कागद वकील बघेल. एनए, सातबारा, बोजा, त्याचं तो जाणे.
मी भिंती बघतो.
धुळ्याची जमीन काळी आहे, शेठ,
पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते,
वर कोणी किती सिमेंट ओतलं
तिला कोणी सांगितलेलं नसतं.
खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघाली असेल
तर खिशातला रुपया काढा.
नुसती नखाला लागली, तर चहा घ्या.
रुपया कडेनं आत गेला,
तर चहा राहू द्या.

कॅलेंडर उचलून बघा. कपाटामागं हात घाला.
चार भिंतींत एकीलाच नवा रंग का, ते विचारा,
आणि उत्तर लांबलं तर दुसरं काही विचारू नका.
न्हाणीच्या दारात गोटी ठेवा,
ती आत गेली पाहिजे.
बाहेर आली, तर गवंड्यानं मजुरी आधीच घेतली होती.

उखा मिस्तरी, माझा बाप,
बोटाच्या पेरानं ठोकून पोकळ फरशी सांगायचा.
मला हातोडी लागते.

तर गेल्या मार्गशीर्षात वलवाडीला एक रो-हाउस.
मालक पुढं, मी मागं.
सागवानी चौकट, बाराही महिने बोअरला पाणी,
सगळं पाठ होतं त्याला.
मी ठोकत होतो. भिंत भरीव बोलत होती.
मग त्याचा फोन वाजला, तो फाटकापर्यंत गेला.
स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको,
कोपरापर्यंत कळण्याचं पीठ.
कधीपासून उभी होती, कळलं नाही.
म्हणाली,
"तठे नही भाऊ, आठे ठोक.
दर चौमासामा आठेच गयस."
आणि बोट टेकवलं भिंतीवर.

ठोकलं. ढब.
परत ठोकलं. ढब.
ती तोवर आत, भांडी जरा जास्तच वाजत होती.

अहवालात लिहिलं:
'ईशान्य कोपरा, स्लॅबच्या जोडात जुनी ओल, तपासणीत आढळली.'
तपासणीत आढळली नव्हती.
तीस वर्षांत एवढं एकच खोटं लिहिलंय,
आणि ते खरं होतं.
दीड लाख उतरले त्या घराचे.
तिच्याच घरातले.
का सांगितलं असेल, मी अजून विचार करतो.

तुम्ही उधन्याला राहणार, शेठ, हे घर भाड्यानं देणार,
म्हणून तर जास्त बघा.
गळतीखाली रात्री उठून टोपलं सरकवणारं माणूस
भाड्याच्या टक्केवारीत कुठंच येत नाही.
आणि जिथं जाल तिथं
झाडणारीशी दोन शब्द बोला,
मालक फोनवर असताना.

हां, एक राहिलं.
भिंतीवर तिच्या बोटाचा ठसा उठला होता,
पिठाचा, नेमका त्या जागी.
फाटक वाजलं.
मी बाहीनं तो पुसून टाकला.