चावी रुजायकडे

चिवारवाडीचा थांबा म्हणजे एक फणस.
कंडक्टर म्हणाला, उतरा, हाच.
एस.टी. वळून गेली तेव्हा कळलं,
डांबरसुद्धा तिच्याबरोबरच वळलं होतं.

मला बघायचं होतं सड्यावरचं कपेल,
जांभ्याचं, चारशे वर्षांचं
(सांगणारा मित्र आकड्यांत सढळ आहे).
दुकानात विचारलं. महादू घाडी
सुतळी गुंडाळता गुंडाळता, वर न बघता:
"चावी रुजायकडे. रुजाय गेली तिठ्यार.
येतली.
नाय तर नाय येवची."

मग नुसताच चढायला लागलो.
पायऱ्या मोजायच्या नाहीत असं ठरवून
एकशे बारापर्यंत मोजल्या.
डावा गुडघा चाळिसाव्या पायरीपासून
बोलायला लागला होता, त्याला बोलू दिलं.
करवंदीच्या जाळीत काहीतरी खुसपुसलं
आणि मी थांबल्यावर तेही थांबलं.

पाखाडी संपते तिथे झाडं एकदम सोडून देतात.
पुढे सडा: पौषातलं गवत, पिवळंही नाही,
जुन्या चटईच्या रंगाचं,
मधे मधे काळा कातळ, तापलेला,
आणि इतक्या पायवाटा
की माणसांच्या कुठल्या, गुरांच्या कुठल्या
हे गुरांनाच ठाऊक.
मी एका तांबड्या गाईमागून गेलो.
तिला कपेलाशी काही कर्तव्य नव्हतं.
ती कड्यापाशी थांबली, मीही थांबलो,
आणि खाली समुद्र होता,
कुणी मघापासून शेजारी बसून असावं
आणि आपलं लक्ष आत्ता जावं, तसा.

कपेल गोठ्याएवढं.
चुना पोपडे धरून उभा, क्रूस जरा दक्षिणेकडे कललेला,
दारावरच्या दगडात वर्ष कोरलंय,
पहिले दोन आकडे वाचता येतात,
पुढचे दोन शेवाळाने ठेवून घेतलेत.
कडीला कुलूप, माझ्या मुठीएवढं.

फटीला डोळा लावला.
अंधार. मग अंधारात एक प्लास्टिकचा गुलाब.
मग काहीच नाही.
मेणाचा, वटवाघळांचा वास,
आणि माझ्याच श्वासाने ओलावलेलं लाकूड.

एका डोळ्याने देव बघत
मी किती वेळ तसा वाकलो होतो कोण जाणे.
"ढकला ओ."
मागे एक म्हातारी, डोक्यावर बाजाराची पिशवी,
दम लागलेला नाही, कपाळावर घाम नाही.
"कुलूप वाऱ्यासाठी. लागना नाय ता."

ढकललं. लागलं नव्हतंच.

आत चार बाक, फुटक्या होडीच्या फळ्यांचे,
एकावर अजून होडीच्या नावातलं अर्धं अक्षर.
संताचा चेहरा वाळवीने नेलेला,
हात मात्र शाबूत, काहीतरी
नुकतंच देऊन मोकळे झाल्यासारखे.
रुजायने पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली,
तीत सुके बोंबील होते, त्यांना आत मनाई.
पदराने वेदी पुसली,
संताला काहीतरी पुटपुटली, प्रार्थना नसावी,
सूर उशिरा घरी येणाऱ्याला विचारतात तो.

मागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा, तेरा.
मी हळू आवाजात विचारलं,
समुद्रावर गेलेले, परत न आलेले?
"छे. गवंड्याची हजेरी ती.
चौदाव्या दिवशी इलोच नाय मेलो."

आणि चावी?
"ती पडली बावीत. माझा लगीन होवच्या आदी."
मग सगळे तुमच्याकडे का पाठवतात?
तिने माझ्याकडे बघितलं,
तिठ्यावर सुट्टे पैसे नसलेल्या माणसाकडे बघतात तसं.
"माणसा इचारत येतत," म्हणाली,
"म्हणान चावी माझ्याकडे आसा."

खाली येताना ती पुढे, मी मागे.
तिच्या अंगणात पाणी प्यालो, गूळ नको म्हटलं,
तरी खाल्ला.
विहिरीत डोकावलो.
आकाश होतं, एक पोहरा, एक बेडूक.

उतरताना पायऱ्या एकशे नऊच भरल्या.

फणसाखाली साडेपाचची गाडी थांबली,
एक पोरगा उतरला, पाठीवर सॅक,
बूट नवे, अजून न मळलेले.
वर एक जुनं चर्च आहे ना, म्हणाला, उघडं असतं का?
पायरीवर एक पाय ठेवून मी सांगितलं,
जमेल तशा मालवणीत:
चावी रुजायकडे.
रुजाय घराकडेच आसा.