विषय क्रमांक सात

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले.
मीच लिहिलेलं, मीच वाचलं,
ऐकलं कोणीच नाही; कॉफी अजून गरम होती.

चौथ्या मजल्यावरून ओहायो नदी दिसते,
पलीकडे काचेचा बंद कारखाना.
टेबलाभोवती नऊ विश्वस्त:
बँकेचे ट्रॅस्क, मोटारविक्रेते हॉबर्ट, पास्टर एनिस,
सगळे बिनपगारी, सगळे सज्जन.
उपरोधानं म्हणत नाही. आईला पुरायचं होतं
तेव्हा हॉबर्टनी न मागता गाडी पाठवली होती.

विषय सहा: पार्किंगमध्ये मेपल लावावेत की ओक.
पन्नास मिनिटं.

विषय सात: धर्मादाय उपचारांची उत्पन्नमर्यादा.
दारिद्र्यरेषेच्या तिप्पट आहे, दुप्पट करावी.
पडद्यावर एक निळा खांब,
शेजारी त्याहून बुटका निळा खांब.
"किती माणसं?" लुएला बीसननं विचारलं.
तीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं,
या तालुक्यातल्या प्रत्येक फाटकाशी थांबलेली.
"माणसं नाही, खाती," हिशेबाचे साहेब म्हणाले,
"चारशे बारा."

त्यातलं एक खातं मला ठाऊक आहे.
मोझेल प्रुएट, डॉलरच्या दुकानात गल्ल्यावर.
नवऱ्याचं पित्ताशय, तीन रात्री.
अठरा पानी अर्ज तिनं माझ्या ओट्यावर भरला.
'इतर मालमत्ता' या रकान्याशी पेन अडलं:
"होडी लिहू का गं? गळते ती."

मी बोलू शकत नाही. मी सभासद नाही.
सूचक ट्रॅस्क, अनुमोदक एनिस.
आठ हात वर. लुएलाचे दोन्ही टेबलावर,
स्टिअरिंगवर असावेत तसे.
चार मिनिटं.

अध्यक्ष माझ्याकडे वाकले, अगदी मायेनं:
"सर्वानुमते लिहिलं तर बरं दिसेल, नाही का?"
बोटांना सवय होती. 'सर्वा' इथवर टाइप झालंही.
मग मी ते एकेक अक्षर खोडलं,
लिहिलं: बहुमताने. विरोध एक.
नाव पूर्ण लिहिलं, मधल्या आद्याक्षरासकट.

यानं मोझेलचं बिल एका सेंटनंही उतरत नाही.

ऐनवेळचे विषय: नाहीत.
हे लिहीत होते तेव्हा खाली, इमर्जन्सीच्या दाराशी,
कोणीतरी हॉर्न दाबून धरला होता.
पास्टर उठले, खिडकी लावून घेतली.
आभार मानून सभा संपली.