टिक

तळघरात हीटर कुरकुरतोय. वर एरीचा बर्फ.
वाइसमध्ये, दोन लाकडी पट्ट्यांच्या मधे,
युनिस ग्रॅबोव्स्कीबाईंच्या नवऱ्याचं
नेमबाजीचं पिस्तूल.
रिकामं. तीनदा पाहिलं.

मागची साइट सैल पडलीय.
स्क्रू फिरतो, पण टिक होत नाही.
पिंपरीच्या टूलरूममध्ये आमचे फोरमन म्हणायचे,
खोलण्याआधी मोज, गड्या, मग हात लाव.
मोजलं. मधल्या खुणेपासून डावीकडे
पावणेदोन आटे. बिलाच्या पाठीवर लिहिलं.

मोहरीएवढी गोळी, तिच्याखाली स्प्रिंग.
स्प्रिंग मेलेली. गोळी मात्र अशी उडाली
की थेट वॉशिंग मशीनखाली.
अर्धा तास लोहचुंबक घेऊन
पालथा पडलो होतो, सत्तरीचा माणूस.

नवी स्प्रिंग कापली. सुईच्या टोकावर तेल.
फिरवलं.
टिक.

बाई बूट झटकत खाली आल्या.
विचारलं, साइट मध्यावर आणून ठेवू?
"नको. शेवटी शेवटी
हात उजवीकडे ओढायचा त्याचा."
पावणेदोन आटे जसेच्या तसे परत केले.

रविवारी क्लबात त्यांनी पाच झाडल्या.
पाचही काळ्याच्या डावीकडे,
एका रुपयाखाली झाकल्या जातील इतक्या जवळ.
मी खिशातला स्क्रूड्रायव्हर पुढे केला.
घेतला. बराच वेळ नुसता धरून उभ्या.

मग उजवीकडे एक टिक.
एकच.
आणि म्हणाल्या, आज एवढंच.