रिकाम्या पारड्यातले दोन ग्रॅम

मार्केट यार्डातून झेंड्यांचा फोन, पहाटे सव्वापाचला:
“मॅडम, पारडं रिकामं आहे, पंखा बंद आहे,
आणि तुमचा काटा दोन ग्रॅम दाखवतोय.
मोगऱ्याचा आजचा भाव बघता हे दोन ग्रॅम
गिऱ्हाइकाला विकू, की तुम्हाला परत करू?”

नऱ्ह्याच्या शेडमध्ये काटा उघडला.
बाराची बॅटरी, पाचाची गरज.
मधला स्विच सेकंदाला दीड लाख वेळा
दार उघडतो, लावतो:
बारातले पाच हिस्से उघडं, सात हिस्से बंद.
एवढ्या आदळआपटीतून शांत पाच व्होल्ट काढायचे
म्हणजे भांडकुदळ घरातून
वेळेवर डबा निघण्यासारखं आहे.

गेल्या वर्षी इंडक्टर मीच निवडला होता.
खरं तर निवडला नव्हता.
तेहतीसचा ड्रॉवरमध्ये होता.

वहीच्या मागच्या पानावर पुन्हा मांडलं.
बारातून पाच गेले, सात.
साताला पाचाने गुणा, बाराने भागा,
मग दीड लाखाने,
मग जेवढी लाट सोसायची तयारी असेल तेवढ्याने.
किती सोसायची, हे सूत्र सांगत नाही.
मी लिहिलं, अँपिअरमागे तीन दशांश.
उत्तर: पासष्ट मायक्रोहेन्री, जरा आतच.

तापकीर गल्लीत पासष्ट मिळत नाही.
सत्तेचाळीस मिळतो, अडुसष्ट, शंभर,
आणि चंपालालजींचा सल्ला मिळतो:
“शंभरचाच घ्या ना, लाट अजून कमी.”
कमी, खरंय. पण तेवढ्याच आकारात जास्त वेटोळी
म्हणजे बारीक तार, आणि बारीक तार तापते.
शिवाय पावतीचा प्रिंटर अचानक करंट मागतो
तेव्हा शंभरचा विचार करत बसतो.
अडुसष्ट घेतला, दोन अँपिअरपर्यंत न दमणारा.
फेराइट एकदा तुडुंब भरलं
की इंडक्टर उरत नाही, नुसती तार उरते.

कपॅसिटर मात्र मी निर्दोष धरला होता.
दोनशेवीस मायक्रोफॅरड, गणिताने भरपूर.
भरपूरच होता.
त्याच्या पोटातला रोध कुणी मोजला नव्हता.
कुणी म्हणजे मी.
हौद मोठा आणि तोटी गंजलेली:
येणारी प्रत्येक लाट त्या रोधावर आपटून
पाचावर जशीच्या तशी उमटत होती.

सलमा तांबोळीने तो उपटला, उजेडात धरला.
“यात वाईट काय होतं?”
“काही नाही. दुसऱ्या कामाला चालेल.”
तिने डबीत टाकला, डबीवर लिहिलं: दुसरं काम.

नवा बसला. स्कोपवर
नव्वद मिलिव्होल्टची दातेरी करवत
नवापर्यंत खाली आली. तिथेच थांबली.
शून्य होत नाही ती. मी तरी थोडा वेळ वाट पाहिली.

काट्यावर शून्य. शून्य. शून्य.
सलमाने सोल्डरचा तुकडा ठेवला: तीन ग्रॅम.
उचलला: शून्य.

दुसऱ्या पहाटे झेंडे.
“नीट चालतोय. पण मॅडम,
वर्षभर ते दोन ग्रॅम कुणाचे गेले?”
“कधी तुमचे,” मी म्हटलं, “कधी गिऱ्हाइकाचे.”
मागे फुलबाजाराचा गलका,
कुणीतरी शेवंतीचा भाव ओरडत होतं.
“बरं,” ते म्हणाले,
आणि का कोण जाणे, फोन ठेवला नाही.